वडिलांचा अमृतमहोत्सव : लॉन्सवरील सजावट कशी आखावी?

नाशिकरोडकर यांचा प्रश्न

सप्रेम नमस्कार. माझे वडील येत्या डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पंचाहत्तर वर्षे पूर्ण करीत आहेत. त्या निमित्ताने गंगापूर रोडवरील एका लॉन्सवर सायंकाळी पाच ते नऊ या वेळेत आम्ही घरगुती स्वरूपाचा समारंभ योजला आहे. पाहुणे साधारण दीडशे असतील आणि त्यांतील निम्म्याहून अधिक साठीच्या पुढचे आहेत. जेवण, गुरुजी आणि निमंत्रणे यांची व्यवस्था झालेली असून घोडे अडले आहे ते सजावटीपाशी.

डेकोरेटरने दाखवलेल्या अल्बममध्ये काळ्या-सोनेरी फुग्यांची मोठी कमान, तिच्यामागे चमकती झालर आणि बाजूला माणसाच्या उंचीचे दिव्यांचे अंक अशी एकच कल्पना वेगवेगळ्या रंगांत फिरत होती. वडील सरकारी छापखान्यात (प्रेसमध्ये) होते हे कळल्यावर त्याने आणखी एक प्रस्ताव ठेवला : पाचशेच्या नोटेच्या आकाराचा भव्य बॅकड्रॉप आणि गांधीजींच्या जागी वडिलांचे छायाचित्र. माझ्या मुलांना हे सर्व फार आवडले. वडिलांनी अल्बम पाहिला, मिटला आणि भाजी आणायला निघून गेले. त्यांचे मत त्यातून आम्हाला समजले. आईची इच्छा वेगळीच आहे. तिला पंचाहत्तर दिव्यांनी औक्षण व्हावे असे वाटते आणि बाकी काही नसले तरी चालणार आहे.

मला स्वतःला छायाचित्रांची एक भिंत उभारायची आहे, परंतु तेथेही अडचण आहे. वडिलांची सारी नोकरी नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये, टपाल तिकिटांच्या छपाईत गेली. प्रेसच्या आवारात कॅमेरा नेण्यास मनाई असल्यामुळे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या कालखंडाचे एकही छायाचित्र घरात नाही. लग्नाचे आहे, आमच्या मुंजींचे आहे, निवृत्तीनंतरच्या चारधाम यात्रेचे आहे. मधली जागा मात्र रिकामी राहते. सजावटीसाठी तीस हजार रुपयांपर्यंत खर्च करता येईल. मुलांचा उत्साह न मोडता, आईची इच्छा राखून आणि वडिलांना अवघडल्यासारखे न होता हे कसे साधावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

---

पंचवटीचा मंडपवाला यांचे उत्तर

नमस्कार. मंडप आणि सजावट हा माझा व्यवसाय आहे, म्हणून आधी एक गोष्ट स्पष्ट लिहितो : नोटेचा बॅकड्रॉप करू नका. चलनी नोटेशी साम्य असलेला कागद छापणे किंवा वापरणे हा भारतीय न्याय संहितेच्या १८२व्या कलमाखाली गुन्हा आहे. आमच्या व्यवसायातील अनेक जण गंमत म्हणून असे फलक छापून देतात आणि कोणी तक्रार करीत नाही म्हणून ते चालून जाते. परंतु ज्या माणसाने सारी नोकरी सरकारी छपाईच्या शिस्तीत केली, त्यालाच अशा फलकासमोर बसवणे मला तरी शोभत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. वाढदिवस लहान मुलाचा असेल तर सजावट मुलासाठी असते. पंचाहत्तरीत सजावट ही येणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांसाठी आणि पायांसाठी असली पाहिजे, हे आमच्या अल्बममध्ये कधीच दिसत नाही. तुमचे निम्मे पाहुणे साठीच्या पुढचे आहेत, म्हणजे अनेकांना मोतीबिंदूचा त्रास असेल किंवा त्याची शस्त्रक्रिया झालेली असेल. अशा डोळ्यांना चमकत्या झालरीवरून परावर्तित होणारा प्रकाश आणि उघडझाप करणाऱ्या माळा फार खुपतात. झालर पूर्णपणे वगळा. मागे गडद, चमक नसलेले कापड लावा. जांभळट लाल किंवा बाटली हिरवा रंग छायाचित्रांतही चांगला दिसतो आणि पांढऱ्या सदऱ्यातील व्यक्ती त्यावर उठून दिसते. दिवे तीन हजार केल्व्हिनच्या आसपासचे, पिवळसर घ्या. ते डोक्यावर किंवा पायांशी न लावता आसनाच्या दोन्ही बाजूंनी, थोडे पुढे आणि उंचावर लावा, म्हणजे चेहऱ्यावर सावल्या पडत नाहीत.

आसन पूर्वाभिमुख ठेवा. औक्षणाच्या दृष्टीने ते योग्य आहेच, शिवाय डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पाच वाजता येणाऱ्या पाहुण्यांना भेटताना तुमचे वडील पश्चिमेकडे तोंड करून बसले, तर तासभर त्यांच्या डोळ्यांत ऊन जाईल. पूर्वाभिमुख बसवल्यास ऊन पाठीमागून येते आणि बॅकड्रॉप ते अडवतो. मोकळ्या लॉन्सवर तोच बॅकड्रॉप संध्याकाळचा गार वाराही अडवतो, म्हणून त्याची चौकट लोखंडी आणि खाली वजन ठेवून पक्की केलेली असावी. नुसत्या बांबूवर ताणलेले कापड वाऱ्यात शिडासारखे फुगते.

गवतावर अंथरलेला गालिचा ही सजावटीतील सर्वांत धोक्याची वस्तू आहे. त्याखाली जमीन उंचसखल असते, कडा वर येतात, आणि वृद्ध माणूस नेमका तेथेच अडखळतो. गालिचा घालायचाच असेल तर प्रवेशापासून आसनापर्यंत एकच सलग, ताणून कडेने खिळलेला घाला. तुकडे जोडू नका. विजेच्या तारा त्याच्याखालून कधीही नेऊ नयेत, त्या लॉन्सच्या कडेने फिरवून आणाव्यात. आणि प्रसाधनगृहाकडे जाणाऱ्या वाटेवर दोन दिवे लावा, ही विनंती. कमानीवर दहा हजार रुपये खर्च होतात आणि ती वाट अंधारात असते, हे मी फार ठिकाणी पाहतो.

बंदीचे नियमही ध्यानात असू द्या. राज्यात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झालेल्या नियमांत थर्माकोलच्या सजावटीबरोबर फुग्यांच्या प्लास्टिक काड्या आणि १०० मायक्रॉनहून पातळ पीव्हीसी फलकही येतात. अक्षरे प्लायवूडमध्ये किंवा जाड पुठ्ठ्यात कापून घ्या. देवनागरीचा एक फायदा असा, की शिरोरेखेमुळे अख्खा शब्द एकसंध कापला जातो आणि दोन खिळ्यांवर टांगता येतो. इंग्रजी अक्षरे एकेक करून ओळीत बसवावी लागतात. 'अमृतमहोत्सव' हा एकच शब्द सहा फूट लांबीत कापून घेतला आणि मागून मंद प्रकाश सोडला, तर दुसऱ्या फलकाची गरज उरत नाही.

---

द्राक्षपंढरी यांचे उत्तर

फुग्यांविषयी थोडे लिहितो. गॅसचे फुगे घेणार असाल तर त्यांत हेलियमच आहे याची खात्री करून घ्या. हेलियम महाग असल्यामुळे काही विक्रेते हायड्रोजन भरतात आणि हायड्रोजन ठिणगी मिळताच पेट घेतो. पंचाहत्तर पेटत्या दिव्यांच्या समारंभात अशा फुग्यांना जागाच नाही. तीच गोष्ट केक कापताना मुले उडवतात त्या फेसाच्या फवाऱ्याची. त्यातील वायू ज्वलनशील असतो आणि पेटत्या मेणबत्तीवर तो फवारला गेल्याने चेहरे भाजल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

शिवाय डिसेंबरात आपल्याकडे रात्री पारा दहाच्या खालीही उतरतो; निफाडकडच्या मंडळींना हे वेगळे सांगायला नको. दुपारी तीस अंशांत भरलेला फुगा रात्री दहा अंशांत आकारमानाने सहा-सात टक्के आकसतो. फॉइलचे फुगे त्यामुळे सुरकुततात आणि समारंभ रंगात येत असतानाच खाली लोंबू लागतात. नुसत्या हवेचे, चौकटीला बांधलेले रबरी फुगे चालतील, पण ते आसनापासून दूर, मुलांच्या खेळाच्या जागी असावेत.

---

नाशिकरोडकर

आपणा दोघांचे मनापासून आभार. नोटेचा फलक रद्द केला आहे. त्याचे कारण सांगताच वडिलांनी प्रथमच समारंभाविषयी आपणहून एक वाक्य उच्चारले : "हे मी तुम्हाला पहिल्या दिवशीच सांगितले असते, पण तुम्ही विचारले नाही." फुग्यांचा कोपरा मुलांच्या ताब्यात दिल्यामुळे तेही खूश आहेत.

छायाचित्रांच्या भिंतीविषयी मात्र अजून मार्ग सापडलेला नाही. मुलीने सुचवले आहे की आजोबांच्या काळातील टपाल तिकिटे मोठी करून, हातभर आकारात छापून भिंतीवर लावावीत. कल्पना मला आवडली आहे. यात काही अडचण आहे का?

---

जुनी पाकिटे यांचे उत्तर

नमस्कार. मी तिकिटे जमवतो, त्यामुळे आपला प्रश्न वाचून राहवले नाही. अडचण आहे. न्याय संहितेचे १८६वे कलम बनावट टपाल तिकिटांविषयी असून, त्याच्या व्याख्येत सरकारने काढलेल्या तिकिटाची कागदावरील अथवा अन्य वस्तूवरील प्रतिकृतीही येते. घरगुती समारंभातील हातभर चित्रावर कोणी खटला भरील असे मला वाटत नाही, तरीही वडिलांचा स्वभाव आपण वर्णिला आहे त्यावरून त्यांना ते रुचणार नाही. सुदैवाने त्याची गरजही नाही, कारण खरी तिकिटे सहज मिळतात आणि प्रतिकृतीपेक्षा फार सुंदर दिसतात.

वडील ज्या वर्षी प्रेसमध्ये रुजू झाले तेव्हापासून ते निवृत्त झाले त्या वर्षापर्यंत, प्रत्येक वर्षाचे एक तिकीट घ्यावे. वापरलेली तिकिटे संग्राहकांकडे आणि तिकीट विक्रेत्यांकडे मिळतात व त्यांतील बहुतेकांची किंमत अगदी किरकोळ असते. सगळी तिकिटे नाशिकलाच छापलेली असतील असे मात्र गृहीत धरू नका, कारण पुढच्या काळात टपाल खात्याने इतर छापखान्यांकडूनही तिकिटे छापून घेतली. म्हणून विकत घेण्यापूर्वी वडिलांनाच जवळ बसवून विचारा. कोणत्या तिकिटाचा रंग जुळत नव्हता, कोणत्या तिकिटाची छिद्रे वाकडी पडत होती, हे त्यांना आठवत असणार आणि आपल्या भिंतीवरील मजकूर तेथूनच मिळेल. प्रत्येक तिकिटाखाली त्यांच्या बोलण्यातील एकच ओळ लिहावी. डिंक लावून चिकटवू नये. संग्राहक वापरतात ती कागदी बिजागरी (तिकिटामागे लावायची, नंतर सहज सुटणारी दुमडलेली छोटी पट्टी) लावावी, म्हणजे समारंभानंतर ही सारी तिकिटे अल्बममध्ये नीट जातील. तिकीट लहान असते, म्हणून फळा भिंतीवर उभा न टांगता टेबलावर किंचित कलता ठेवावा, त्यावर काच टाकावी आणि शेजारी दोन-तीन हाती भिंगे ठेवावीत. ज्येष्ठ पाहुणे खुर्ची ओढून तेथे बराच वेळ बसतील, हे मी खात्रीने सांगतो.

संदर्भासाठी एक छोटी पाटी जवळ असावी. १९२५ मध्ये ही प्रेस उभी राहीपर्यंत भारताची तिकिटे लंडनच्या डी ला रू कंपनीकडून छापून येत असत. नाशिकला छपाई सुरू झाल्यावर ते काम येथे आले. स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ रोजी निघाले. त्यावर तिरंगा आणि 'जय हिंद' ही अक्षरे आहेत. ते मिळाल्यास फळ्याच्या आरंभी लावावे. वडिलांच्या नोकरीच्या आधीचे असले तरी त्यांच्या छापखान्याचेच ते काम आहे.

टपाल खात्याची 'माय स्टॅम्प' ही योजनाही पाहावी. २०११ पासून चालू असलेल्या या योजनेत खऱ्या तिकिटाला जोडून आपले छायाचित्र छापून मिळते. ओळखपत्र आणि छायाचित्र घेऊन अर्ज करावा लागतो व पत्रक हाती येण्यास वेळ लागू शकतो, म्हणून नोव्हेंबरातच चौकशी करावी. आयुष्यभर इतरांची चित्रे छापणाऱ्या माणसाचे चित्र अधिकृत तिकिटाशेजारी छापून यावे, यापेक्षा नेमकी भेट मला तरी सुचत नाही. त्यांतील एक तिकीट चौकटीत बसवून आसनाशेजारी ठेवावे.

उरलेल्या छायाचित्रांविषयी एवढेच सांगतो, की मूळ प्रती लॉन्सवर नेऊ नयेत. रात्री दव पडते आणि जुना कागद ओल धरतो. सहा बाय चार इंचांचे छायाचित्र ६०० डीपीआयवर (इंचामागे ६०० ठिपके) स्कॅन केले, तर बारा बाय आठ इंचांची स्वच्छ प्रत निघते. एवढा आकार पुरे. चिकट पानांच्या अल्बममधील छायाचित्रे ओढून काढू नयेत, ती पानासकट स्कॅन करावीत. प्रती छताखालच्या भागात लावाव्यात आणि खालची नावे किमान अर्धा इंच उंचीच्या अक्षरांत असावीत. बसून पाहणाऱ्यांचा विचार करून ओळी नेहमीपेक्षा वीतभर खाली आणल्यास उत्तम.

---

दिंडोरीचा माळी यांचे उत्तर

फुलांचा विषय कोणीच काढलेला नाही आणि आपले नाशिक तर एके काळचे गुलशनाबाद, म्हणजे बागांचे गाव! आपला समारंभ मार्गशीर्षात येतो आहे. मार्गशीर्षातील गुरुवारांमुळे बुधवारी व गुरुवारी बाजारात फुलांचे भाव चढलेले असतात. समारंभ शनिवारी किंवा रविवारी असेल तर फुले शुक्रवारी किंवा त्यानंतर घ्यावीत.

थंडीत शेवंती उत्तम येते आणि ती टिकतेही. पांढरी व पिवळी शेवंती आणि मध्ये झेंडू, अशा माळा आदल्या संध्याकाळी ओवून ओल्या कापडात गुंडाळून ठेवल्या तर दुसऱ्या रात्रीपर्यंत ताज्या राहतात. जरबेरा मला स्वतःला पिकवायला आवडतो, पण पाण्याविना त्याची मान लगेच पडते, म्हणून तो बॅकड्रॉपवर खोचू नये. निशिगंधाच्या काड्या पाण्याच्या भांड्यात आसनाच्या दोन्ही बाजूंना ठेवाव्यात. अंधार पडल्यावर त्यांचा गंध वाढतो. फुले खोचण्यासाठी वापरतात तो हिरवा स्पंज टाळावा, तो प्लास्टिकच असतो आणि मातीत मिसळत नाही. समारंभ झाल्यावर माळांचे दोरे काढून फुले बागेच्या खतात टाकावीत, गोदावरीत नकोत.

---

नाशिकरोडकर

वडिलांना काल तिकिटांविषयी विचारले. रात्री साडेअकरापर्यंत ते बोलत होते आणि मुलगी लिहून घेत होती, त्यामुळे फळ्याचा प्रश्न सुटला. आता शेवटची शंका आईच्या वतीने विचारतो. पंचाहत्तर दिव्यांचे ताट उचलून ओवाळणे तिला झेपेल असे वाटत नाही, आणि लॉन्सवर वारा असेल. कणकेचे दिवे करावेत की मातीच्या पणत्या घ्याव्यात?

---

सिडकोतील आजी यांचे उत्तर

ताट उचलायचेच नाही. दिवे आसनासमोरच्या बुटक्या टेबलावर मांडावेत आणि आईंनी हातात एकच निरांजन घेऊन औक्षण करावे. आमच्याकडे माझ्या दिरांच्या पंचाहत्तरीला असेच केले होते आणि गुरुजींनीही त्याला हरकत घेतली नाही.

कणकेचे दिवे करणे ही रीत आहे आणि ती पाळावी, परंतु ते उघड्यावर कलंडतात व तुपाचा ओघळ टेबलावर येतो. म्हणून पाच दिवे कणकेचे करून ते मधल्या तबकात ठेवावेत आणि उरलेल्या सत्तर मातीच्या पणत्या त्यांच्याभोवती मांडाव्यात. पणत्या आदल्या दिवशी पाण्यात भिजवून वाळवल्या म्हणजे तूप कमी पितात. दोन पणत्यांमध्ये चार बोटांचे अंतर सोडावे. अगदी खेटून ठेवल्या तर एकमेकींच्या उष्णतेने तूप तापते आणि ज्योती भडकतात. टेबलावर नायलॉनचे किंवा जाळीचे कापड मुळीच नको. पितळी परात, स्टीलचे पत्रे किंवा ओली वाळू पसरलेले ट्रे यांवरच दिवे ठेवावेत. वाळूत पणती हलत नाही आणि वाळूभोवती शेवंतीच्या पाकळ्या पसरल्या की तीच सजावट होते.

वाऱ्यासाठी टेबलाच्या तिन्ही बाजूंना हातभर उंचीच्या काचा उभ्या कराव्यात. मंडपवाल्यांकडे त्या मिळतात. फुलवाती सकाळीच तुपात भिजवून ठेवाव्यात, म्हणजे काडी लावताच पेट घेतात. सर्वांत आतले दिवे आधी आणि कडेचे शेवटी लावावेत. हे काम तीन-चार नातवंडांनी लांब उदबत्तीने करावे, पण ती वयाने मोठी असावीत आणि त्यांच्या बाह्या घट्ट असाव्यात. ओवाळणाऱ्या सुना-मुली पैठणी नेसणार असतील तर त्यांनी पदर कमरेला खोचून घ्यावा. पाण्याची एक बादली आणि ओले गोणपाट टेबलामागे, बॅकड्रॉपच्या आडोशाला ठेवावे. लॉन्सवाले उघड्या ज्योतीला परवानगी देतात की नाही, हेही आजच विचारून घ्यावे.

औक्षण सूर्यास्तानंतर, साडेसहाच्या सुमारास करावे आणि त्या दहा मिनिटांपुरते मंडपवाल्याला बाजूचे दिवे अर्ध्यावर आणायला सांगावे. फुलवाती फार वेळ जळत नाहीत, म्हणून गुरुजींचे आशीर्वचन लांबणार असेल तर ते आधी उरकून मगच दिवे लावण्यास सांगावे.